पहिला डेक

मिहिका दहा वर्षांची झाली त्याच आठवड्यात शाळेची सूचना आली. पाचवीत जाणाऱ्या सगळ्या मुलांनी महिनाअखेरपर्यंत 'रणपट'वर खातं उघडावं, आपला पहिला डेक घ्यावा आणि त्याचं नाव वर्गशिक्षिकांना कळवावं. नव्या वर्षापासून अ, ब, क या तुकड्या बंद होणार होत्या. तुकड्या डेकवरून पडणार होत्या.

"आई, मी कोण निघेन गं?" मिहिकाने दप्तर सोफ्यावर टाकत विचारलं. "मला वीज हवीये. बाबासारखी."

"हवी म्हणून मिळत नाही," देवयानी म्हणाली. "पारख सांगेल ती घ्यायची."

हे ती अगदी सहज म्हणाली. देवयानी पाटोळे नाशिकमध्ये रणपट बनवणाऱ्या कंपनीतच अकरा वर्षं सांख्यिकीचं काम करत होती. पारख किती वेळा बरोबर निघते, हे मोजणं हेच तिचं काम होतं. शंभरातून चौऱ्याण्णव वेळा. हा आकडा तिला स्वतःच्या फोन नंबरसारखा पाठ होता.

रणपट हा पत्त्यांचा खेळ, फोनवर किंवा भिंतीवरच्या पडद्यावर खेळायचा. समोरासमोर दोघं आणि प्रत्येकाकडे तीस पत्ते, म्हणजे त्याचा डेक. एकेका पत्त्यावर एखादा प्राणी, एखादं शस्त्र, एखादं वादळ. सगळे मिळून पत्ते दोन हजारांच्या वर होते, पण ते जिंकत, मित्रांशी अदलाबदल करत, वर्षानुवर्षं जमवायचे. नवख्या माणसाकडे एकही पत्ता नसतो, म्हणून त्याला सहा तयार डेकपैकी एक फुकट मिळे. कासव डेक जाड कवचाचा. पहिल्या दहा खेळ्या नुसता मार खायचा, टिकायचं आणि शेवटी समोरच्याला चिरडायचं. वीज डेक त्याच्या अगदी उलट. चार खेळ्यांत संपवलं तर संपवलं, नाहीतर हात रिकामा. गरुड लांबून हेरून मोठाच पत्ता उचलणारा, मुंगी झुंडीने येणारी, वड हळूहळू पसरणारा आणि कोल्हा समोरच्याचेच पत्ते पळवणारा.

पहिला डेक मिळाला की पुढचं वर्षभर हातात जवळपास तेवढंच असे. सुरुवातीच्या काळात लोक चित्र आवडलं म्हणून डेक घ्यायचे, चार दिवस हरायचे आणि खेळ सोडून द्यायचे. महिन्याभरात निम्मी माणसं गळायची. तेव्हा वसुधा केळुसकर नावाच्या एका तिशीतल्या इंजिनीअर बाईने पारख बनवली.

पारखेची कल्पना साधी होती. नवख्याला बारा मिनिटं नमुन्याचे पत्ते देऊन खेळू द्यायचं. बोट पत्त्यावर किती वेळ घुटमळतं, हातातला चांगला पत्ता माणूस लगेच टाकतो की जपून ठेवतो, हरल्यावर त्याचा हात जलद चालतो की सावकाश, अशा दोनशे बारीक गोष्टी पडदा टिपून घेई. त्यावरून पारख माणसाचा स्वभाव ताडे आणि डेक सुचवे. पारख आली आणि गळती थांबली. पुढे दरवर्षी खेळाडूंच्या खेळाची आणि प्रश्नावलीतल्या उत्तरांची तपासणी होऊ लागली, तेव्हा दिसलं की माणसं खेळाबाहेरही डेकसारखीच वागतात. कासववाले नोकऱ्या कमी बदलतात. वीजवाले पटकन लग्न करतात आणि पटकन घर घेतात.

मग सगळेच पारखेच्या दारात आले. नोकरीच्या अर्जात पहिल्या डेकचा रकाना आला. लग्नाच्या स्थळांमध्ये उंची, शिक्षण आणि डेक. देवयानीचं स्वतःचं लग्नही असंच जुळलं होतं. ती कासव, यशोधन वीज. "एक धावणारा, एक सांभाळणारी," असं सुचवणीत लिहून आलं होतं. यशोधन महामार्गावरच्या ॲम्ब्युलन्सवर काम करायचा. अकरा वर्षं संसार छान चालला होता, त्यामुळे त्या सुचवणीबद्दल दोघांनाही तक्रार नव्हती.

आता नवदिशा नावाच्या शाळासंघाने चारशे शाळांत पारखेवरून तुकड्या पाडायचं ठरवलं होतं. मिहिकाची शाळा त्यातलीच. करारावर पुढच्या सोमवारी सह्या व्हायच्या होत्या आणि त्याआधी पारखेचा वीस वर्षांचा हिशोब मांडणारा अहवाल देवयानीने द्यायचा होता.

अहवाल जवळजवळ झालाच होता. मंगळवारी सकाळी ती शेवटची साफसफाई करत होती. जुन्या नोंदींतला खराब भाग काढून टाकायचा एवढंच उरलं होतं. तेव्हा तिला एक दिवस सापडला.

पारखेच्या पहिल्याच वर्षातला, जून महिन्यातला तो दिवस. उत्तर महाराष्ट्राचा भार उचलणारा सर्व्हर त्या दिवशी सात तास अर्धवट चालत होता. नवख्यांचा बारा मिनिटांचा खेळ पारखेपर्यंत पोहोचतच नव्हता. पण डेक तर द्यायला हवा, म्हणून प्रोग्रॅमने आपोआप चिठ्ठ्या टाकल्यासारखं केलं. कुणालाही कोणताही डेक. खेळाडूंना पडद्यावर तेच वाक्य दिसलं, "पारखेने तुमच्यासाठी निवडलं आहे." त्या सात तासांत सहा हजार दोनशे बारा जणांना असे डेक मिळाले होते.

"हे काढून टाकू ना?" शेजारच्या टेबलावरच्या फिरोजने विचारलं. "चुकीचा डेटा आहे."

"थांब," देवयानी म्हणाली. "आधी यांचा स्वभाव मिळालेल्या डेकशी किती जुळतो ते बघू. पारख नसताना काय होतं ते शेजारी दाखवता येईल. अहवालाला वजन येईल."

सहा डेक आहेत, तेव्हा चिठ्ठीने दिलेला डेक सहातून एकदा जुळेल. म्हणजे सोळा-सतरा टक्के. फार तर पंचवीस धरू. तिने आज्ञा दिली आणि चहा आणायला गेली. परत आली तर पडद्यावर आकडा होता त्र्याण्णव.

तिने आज्ञा तपासली. पुन्हा चालवली. त्र्याण्णव.

फिरोज खुर्ची ओढून तिच्याजवळ आला. त्या सहा हजारांचे बारा मिनिटांचे खेळ त्यांच्या फोनमध्ये साठून राहिले होते आणि दोन-तीन दिवसांनी कंपनीत पोहोचले होते. कुणी ते उघडून पाहिले नव्हते. दोघांनी ते पारखेला दिले आणि विचारलं, तू यांना काय दिलं असतंस? पाच हजारांहून जास्त जणांना पारखेने वेगळाच डेक दिला असता. तरी ही माणसं वीस वर्षांत हातात पडलेल्या डेकसारखीच झाली होती. ज्यांच्यात पारखेला वीज दिसत होती आणि चिठ्ठीत कासव निघालं होतं, ती पक्की कासवं झाली होती.

दुपारपर्यंत देवयानीला त्याचा अर्थ लागला. वाट पाहायला लावणारा डेक घेऊन तेरा-चौदा वर्षांचं पोर वर्षभर रोज खेळतं. हजारो वेळा ते थांबतं आणि थांबून जिंकतं. ज्याने जिंकता येतं ती सवय मेंदू पक्की करतो. त्यात घरचे, मित्र, मास्तर सगळे त्याला कासव म्हणायला लागतात आणि कासवाला जमतील अशीच कामं त्याच्यापुढे ठेवतात. वीस वर्षांनी मोजलं तर तो कासवच निघणार. पारख माणूस ओळखत नव्हती. ती सांगत होती आणि माणूस तसा होत होता. चिठ्ठीने सांगितलं तरी होत होता.

"ताई," फिरोज जरा वेळाने म्हणाला, "तुमचं चांदवड. उत्तर महाराष्ट्र."

देवयानीने त्याच्याकडे पाहिलं. ते तिच्याही डोक्यात आलं होतं, पण तिने तिकडे बोट नेलं नव्हतं. आता नेलं. यादीत तिचं माहेरचं नाव होतं. देवयानी शेवाळे, वय चौदा, चांदवड, दुपारी एक वाजून चाळीस मिनिटं. डेक: कासव. शेजारी एक बटण होतं. ते दाबलं की पारखेने तिला खरं काय दिलं असतं ते कळलं असतं.

तिने पडदा बंद केला आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

चांदवडला तिचे वडील आण्णा अंगणात जुन्या पंख्याची मोटर उघडून बसले होते. बसच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती, पण गल्लीतली प्रत्येक बंद पडलेली वस्तू अजून त्यांच्याकडेच यायची.

"अशी मधल्या वारी?" ते म्हणाले. "मिहिका बरीये ना?"

"बरी आहे. आण्णा, तुम्हाला आठवतं, मी पंधरा वर्षांची असताना हिमाचलातल्या शिबिरासाठी माझी निवड झाली होती?"

आण्णांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "आठवतं. कड्यावर चढायचं शिबिर."

"तुम्ही सही केली नाहीत."

"नाही केली."

"का?"

"तू कासव निघालीस म्हणून. तेव्हा तुला सांगितलं होतं की."

मग तिने त्यांना सगळं सांगितलं, सर्व्हर, सात तास, चिठ्ठ्या. आण्णा यंत्रांचे जाणकार होते, त्यांना समजायला वेळ लागला नाही. ऐकून झाल्यावर ते बराच वेळ हातावरचं ग्रीस फडक्याने पुसत राहिले. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"तुला खरं सांगू?" ते म्हणाले. "मशीनचं काय नव्हतं त्यात. तुझी आई गेल्यावर तू एकटी होतीस मला. तू त्या कड्यावर लटकलेली स्वप्नात दिसायचीस. पण घाबरतो म्हणून पोरीला अडवलं, असं बापाला म्हणवत नाही. मशीनने कासव सांगितलं आणि मला बरं कारण मिळालं."

ती रागवायच्या तयारीने आली होती. एक तास गाडी चालवताना तिने वाक्यंही जुळवली होती. आता ती वाक्यं कुणाला म्हणायची ते कळेना.

"मग तू खरी कोण निघालीस?" आण्णांनी विचारलं.

"पाहिलं नाही."

"का गं?"

"पाहिलं तर पुन्हा त्याचंच ऐकल्यासारखं होईल."

आण्णांनी मान हलवली. "राग काढायला मी इथे बसलोय की," ते म्हणाले. "मशीनवर नको काढूस. माझ्यावर काढ."

ती हसली, आणि हसतानाच तिचे डोळे भरून आले. मग तिने त्यांच्यासाठी पोहे केले, आणि ते खाताना आण्णांनी पहिल्यांदाच तिला त्या शिबिराचं पत्र कुठे ठेवलं होतं ते सांगितलं. जाळलं नव्हतं. गॅसच्या पुस्तकात होतं, वीस वर्षं. तिने ते पाहायला मागितलं नाही.

यशोधनला सांगणं सोपं जाईल असं तिला वाटलं होतं. त्याचा डेक चिठ्ठीतला नव्हता. तो सांगलीचा, पुढच्या वर्षी खेळू लागलेला, पारखेने रीतसर वीज दिलेला. बुधवारी त्याची सुट्टी होती. मिहिका शाळेत गेल्यावर स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून तिने त्याला ते कोष्टक दाखवलं. तो मटारच्या शेंगा सोलत होता.

"म्हणजे माझंही तसंच," तो म्हणाला. "मला कासव दिलं असतं तर मी कासव झालो असतो."

"बहुतेक."

तो शेंगा सोलत राहिला, नेहमीसारखा भराभर. मग अचानक थांबला.

"घोटीजवळची ती जीप आठवते तुला?"

तिला आठवत होती. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. उलटलेल्या जीपमध्ये एक तरुण अडकला होता. पत्रा कापायचं यंत्र घेऊन दुसरी गाडी दहा मिनिटांत येणार होती. यशोधन थांबला नाही, त्याने त्याला ओढून बाहेर काढलं. मणका आधीच मोडला होता. तो मुलगा वाटेतच गेला. पुढे चौकशीत यशोधनला दोष दिला गेला नाही. पेट्रोल गळत होतं, कुणीही तेच केलं असतं, असं लिहिलं गेलं.

"मला महिनाभर झोप नव्हती," यशोधन म्हणाला. "मग मी स्वतःला समजावलं. मी वीज आहे. विजेला थांब म्हणून सांगता येत नाही. तो माझा निर्णय नव्हता, माझा स्वभाव होता. त्यावर मी उभा आहे, देवू. रोज त्या गाडीत बसतो ते त्यावर." त्याने कोष्टकाकडे बोट दाखवलं. "आणि तू म्हणतेस, मी थांबू शकलो असतो."

देवयानीला वाटलं, नाही म्हणावं. एक शब्द, आणि घर पुन्हा जसंच्या तसं. सगळे तिला आयुष्यभर सांभाळणारी म्हणत आले होते.

"हो," ती म्हणाली. "थांबू शकला असतास. थांबला असतास तर तो वाचला असता की नाही, ते मला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. पण ठरवलं तू होतंस."

तो उठून गॅलरीत गेला. तिने त्याच्या मागे जायचं टाळलं. उरलेल्या शेंगा तिने सोलल्या, भात लावला, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. तो आत आला तेव्हा त्याचा चेहरा रडून लाल झाला होता, पण आवाज स्थिर होता.

"त्या मुलाच्या घरी मी गेलो नव्हतो," तो म्हणाला. "वीज आहे म्हटल्यावर जायची गरज वाटली नाही. शनिवारी जातो. येशील?"

"येईन."

"आणि पुलावरून पडलेल्या बसमधून मी ओढून काढलेले ते नऊ जण," तो जरा वेळाने म्हणाला, "तेही मग मीच वाचवले म्हणायचे."

"तूच. दुसरं कोण?"

गुरुवारी ती वसुधा केळुसकरांच्या खोलीत गेली. वसुधाताई आता पन्नाशी ओलांडलेल्या, पांढऱ्या केसांच्या, मूळच्या मालवणच्या. कंपनीत सगळे त्यांना नावाने ताई म्हणत आणि मनातून घाबरत. त्यांनी कोष्टक दोनदा वाचलं. नंतर चष्मा काढला.

"हे काम चांगलं केलंस," त्या म्हणाल्या. "पण मला एक सांग. माणसं सुखी आहेत ना? चौऱ्याण्णव टक्के लोक म्हणतात, हा डेक माझाच. पारखेने ओळखला काय आणि घडवला काय, बिघडलं कुठे?"

"चिठ्ठीनेही त्र्याण्णव टक्के सुखी होतात, ताई. मग पारख कशाला?"

"कारण चिठ्ठीवर कुणी विश्वास ठेवणार नाही. विश्वास ठेवला म्हणून तर ते घडलं." वसुधाताई हे हसून म्हणाल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "तू कासव आहेस. जरा थांब. सोमवारी सह्या होऊ देत. पुढच्या वर्षी सवडीने हे छापू."

"सोमवारी सह्या झाल्या तर जूनमध्ये ऐंशी हजार मुलांच्या तुकड्या पडतील," देवयानी म्हणाली. "वीज तुकडीला मैदान आणि स्पर्धा, कासव तुकडीला हिशोब आणि टापटीप. शाळासंघाने अभ्यासक्रम तयार केलाय, मी वाचलाय. खेळातला डेक निदान वर्षाने बदलता येतो. यांची तुकडी दहावीपर्यंत तीच राहणार. आपण त्यांना ओळखणार नाही, ताई, साच्यात कापून बसवणार आहोत."

"आणि मी नको म्हटलं तर?"

"अहवालावर सही माझी आहे. मी खोटा आकडा लिहिणार नाही आणि खरा आकडा गाळणारही नाही. हवं तर सोमवारी मला बोलायला उभं करू नका, पण मग मला कुणी विचारलं तर मी सांगेन."

वसुधाताईंनी तिच्याकडे नीट पाहिलं, जणू अकरा वर्षांत प्रथमच. "पारख बनवली तेव्हा मी स्वतः कधी ती बारा मिनिटं खेळले नाही, माहीत आहे?" त्या म्हणाल्या. "सगळे विचारतात, तुमचा डेक कोणता. मी सांगते, गुपित आहे."

"का नाही खेळलात?"

"मला कुणी सांगितलेलं आवडत नाही." एवढं बोलून त्यांनी कोष्टक स्वतःच्या खणात ठेवलं. "जा. मला दोन दिवस दे."

त्या दोन दिवसांत काय होणार ते देवयानीला कळत नव्हतं. शनिवारी ती आणि यशोधन घोटीच्या पुढे एका छोट्या गावात जाऊन आले. त्या तरुणाची आई त्यांना दारात ओळखेना. ओळख पटल्यावर तिने यशोधनचा हात धरला आणि विचारलं, तो शेवटी काही बोलला का. यशोधनला आठवत होतं. तो मुलगा पाणी मागत होता आणि आपल्या म्हशीचं नाव घेत होता. हे त्याने तीन वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं. आई ते नाव ऐकून हसली आणि मग पदर तोंडाला लावून रडली. परतताना यशोधनने गाडी सावकाश चालवली.

सोमवारी नवदिशाच्या सभागृहात सगळ्या शाळांच्या वतीने चाळीस मुख्याध्यापक जमले होते. समोर कराराच्या प्रती आणि पेनं मांडून ठेवली होती. वसुधाताई बोलायला उठल्या. "सह्यांआधी आमच्या देवयानी पाटोळे पाच मिनिटं बोलतील," त्या म्हणाल्या. "त्यांचा आकडा मी शुक्रवारी आणि शनिवारी स्वतः तपासला. तो चुकलेला असावा अशी माझी फार इच्छा होती. चुकलेला नाही."

देवयानी उभी राहिली. तिने कागद वाचून दाखवला नाही. एक सर्व्हर बंद पडल्याची गोष्ट सांगितली, सहा हजार मुलांची, चिठ्ठ्यांची. "त्यातली एक मी," ती म्हणाली. "मला चिठ्ठीत कासव निघालं आणि मी वीस वर्षं कासव म्हणून जगले. वाईट जगले नाही. पण ते कुणी माझ्यात पाहिलेलं नव्हतं. तुम्ही मुलांना ज्या तुकडीत घालाल त्या तुकडीसारखी ती होतील आणि दहा वर्षांनी आपण सगळे म्हणू, बघा, पारख किती अचूक."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. मागच्या रांगेतले एक वयस्क मुख्याध्यापक, ढमढेरे सर, उठले. "बाई, तुमचं पटतं," ते म्हणाले. "पण मग आम्ही तुकड्या कशावरून पाडायच्या?"

"सर, आतापर्यंत कशावरून पाडत होतात?"

"आडनावाच्या अक्षरावरून," सर म्हणाले आणि स्वतःच हसले. सगळं सभागृह हसलं.

पण सगळं तिथेच मिटलं नाही. पाच-सहा शाळा चिडल्या. अभ्यासक्रमावर त्यांचं वर्ष गेलं होतं. एक बाई म्हणाल्या की पालकांना आता हे हवंच आहे, त्यांना काय सांगू? दीड तास वाद चालला. शेवटी करार तसाच पडून राहिला आणि ठरलं ते एवढंच: तुकड्या पाडायच्या नाहीत. ज्या शाळांना रणपट खेळाच्या तासाला ठेवायचा असेल त्यांनी ठेवावा, डेक मुलांनी स्वतः निवडावा आणि दर सत्राला बदलायची मुभा असावी.

बाहेर पार्किंगमध्ये वसुधाताईंनी देवयानीला गाठलं. "कंपनीचं वर्षभराचं काम बुडालं आज," त्या म्हणाल्या. "राजीनामा देणार आहेस का?"

"नाही. तुम्ही काढणार आहात?"

"विचार करत होते. पण मग हे पुढे कोण तपासणार? नव्या खेळाडूंना उघड सांगून, त्यांच्या संमतीने चिठ्ठ्या टाकून बघायला हवं. एका दिवसाच्या चुकीवर शास्त्र उभं राहत नाही. तू कर." गाडीचं दार उघडताना त्या पुन्हा वळल्या. "लग्न जुळवणाऱ्यांकडून मात्र फार आशा ठेवू नकोस. त्यांना कालच कळवलं. म्हणाले, लोकांना आवडतं, आम्ही डेक विचारत राहणार."

तसंच झालं. स्थळांमध्ये डेक अजूनही विचारतात. नोकरीच्या अर्जांतून तो रकाना हळूहळू जातो आहे, काही ठिकाणी गेला, काही ठिकाणी नाही. यशोधनने ॲम्ब्युलन्स सोडली नाही. पण आता तो नव्या मुलांना शिकवतो आणि पहिल्याच दिवशी त्यांना सांगतो की तुमच्यापैकी कोण कोणता डेक आहे ते मला ऐकायचं नाही.

जूनच्या दुसऱ्या रविवारी मिहिका भिंतीवरच्या पडद्यासमोर मांडी घालून बसली. नव्या रणपटात सहाही डेक एकदम उघडे मांडलेले होते. खाली कोपऱ्यात एक बारीक ओळ होती, "पारखेला विचारायचं असल्यास इथे दाबा." मिहिकाने ती पाहिलीसुद्धा नाही.

ती तासभर प्रत्येक डेकचे तीसच्या तीस पत्ते उलटून पाहत होती. मुंग्यांची रांग तिला आवडली. गरुडाचे पंजे आवडले. विजेच्या पत्त्यांवर ती रेंगाळली आणि तिने बाबाकडे पाहिलं. यशोधनने वर्तमानपत्रात डोकं घातलं.

"कोल्हा," मिहिका शेवटी म्हणाली.

"का गं?" देवयानीने विचारलं.

"तो दुसऱ्यांचे पत्ते घेतो. म्हणजे मला सगळ्यांचेच बघायला मिळतील."

नवख्यांसाठी कोल्हा हा सगळ्यांत अवघड डेक. सुरुवात करणाऱ्यांपैकी बहुतेक जण त्याने पहिले पंधरा-वीस खेळ सलग हरतात. पहिल्या आठवड्यात किती जण तो टाकून देतात, हे देवयानीला दशांश चिन्हापर्यंत माहीत होतं. ते सांगायला तिने तोंड उघडलं. पोरगी पडद्याकडे पाहत होती, जीभ ओठांच्या कोपऱ्यात दाबून. देवयानीने तोंड मिटलं.

मिहिकाने डेक उचलला. समोर वाशिमचा कुणी एक मुलगा आला, मुंगीवाला. मिहिकाने त्याचा एक पत्ता पळवला, तो कसा वापरायचा ते तिला कळलं नाही, आणि चौथ्या मिनिटाला तिच्या बाजूच्या अख्ख्या पटावर मुंग्या पसरल्या. पडदा काळा झाला. हार.

यशोधनने वर्तमानपत्र खाली घेतलं.

मिहिकाने कपाळावरचे केस मागे सारले आणि पुढे सरकून पडद्यावर बोट टेकवलं.

"परत," ती म्हणाली.